लॅब्रॅडॉर कोरडे दाणे नुसते हुंगतो आणि निघून जातो

सुदामानगर, इंदूर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. लॅब्रॅडॉर, नर, ३ वर्षं, नसबंदी झालेली, वजन २९ किलो. तीन आठवडे झाले, कोरडे दाणे (विकतचं डॉग फूड) खात नाही. भांडं समोर ठेवलं की हुंगतो आणि ओट्यापाशी जाऊन बसतो. वर चिकन घातलं तर चिकन वेचून खातो, दाणे तसेच राहतात. वर्षभर हाच ब्रँड चालू आहे. १५ किलोची गोणी मेच्या सुरुवातीला आणली, आता जुलै अर्धा होत आला. दाणे गच्चीच्या जिन्यात प्लास्टिकच्या पिंपात ओतून ठेवलेत. शी-शू नीट, खेळतो, उलटी नाही.

दिवसभरात सासूबाईंच्या हातून तूप लावलेल्या ४ पोळ्या, ३०० मिली दूध, सकाळी आमच्या पोह्यांबरोबर त्यालाही मूठभर शेव आणि चहाच्या वेळी ४ ग्लुकोज बिस्किटं. हे बंद केलं तर तो उपाशी राहील अशी घरात भीती आहे. किती वेळ उपाशी ठेवलं तर चालतं?

श्वानपाक

ताई, पोळ्या-बिस्किटांचा आकडा दिलात ते फार बरं केलंत. अर्धं उत्तर त्यातच आहे.

कुत्र्याची दिवसाची गरज काढायची तर वजनाचा ०.७५ घात घेऊन त्याला ७० ने गुणतात. २९ किलोला साधारण ८७५ किलोकॅलरी येतात. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला त्याच्या १.६ पट, म्हणजे १४०० लागतात. आता वरचं खाणं मोजा. ३० ग्रॅम कणकेची पोळी आणि चमचाभर तूप मिळून १४५, अशा चार म्हणजे ५८०. फुल क्रीम दूध ३०० मिली, २६०. शेव ३० ग्रॅम धरली तरी १६५. बिस्किटं ९०. झाले जवळजवळ ११००. उरले ३००, म्हणजे जेमतेम ८५ ग्रॅम दाणे. तुम्ही बहुधा पिशवीवरचा तक्ता बघून ४०० ग्रॅम वाढत असाल. तो हट्टी नाही, त्याचं पोट भरलेलं आहे.

शेव आजच बंद करा. मीठ आणि तेल तर आहेच, पण आपल्याकडच्या शेवेत बऱ्याचदा लसूण असते. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि थोडं थोडं रोज गेलं तरी ते साचत जातं. पोह्यातला कांदाही त्याच कारणाने नको. दूध दोन दिवसांत बंद. पोळी दर दोन दिवसांनी एक कमी करत शेवटी अर्धी ठेवा, तीही बिनतुपाची, आणि ती जेवणाच्या भांड्यातच. ओट्यापाशी हातातून काहीही द्यायचं नाही. वरखाणं दिवसाच्या एक दशांशापेक्षा जास्त नको. त्याच्या बाबतीत ती मर्यादा १४० किलोकॅलरी.

जेवणं दोनच, सकाळी ६ आणि रात्री ८. उकाड्यात दुपारी कुत्रं तसंही कमी खातं. पहिले दोन-तीन दिवस एका वेळी १०० ग्रॅमच वाढा, पोळ्या कमी होतील तसं २०० पर्यंत न्या. दाणे भिजवून द्या. पूर्ण २०० ग्रॅमला १०० मिली पाणी पुरतं, कमी दाण्यांना त्याच प्रमाणात. पाणी मनगटावर कोमट लागेल एवढंच. उकळतं पाणी नको, त्याने जीवनसत्त्वं जातात. दहा मिनिटं ठेवलं की वास सुटतो. चिकन घालायचंच तर मीठ-मसाल्याशिवाय उकडून बारीक चुरा, दोन मोठे चमचे, आणि दाण्यांना चोळून लावा. तुकडे राहिले की तो वेचणारच. दहा दिवसांत ते चमचेही शून्यावर आणा.

भांडं २० मिनिटं ठेवायचं. खाल्लं नाही तर काही न बोलता उचलायचं आणि पुढच्या वेळेपर्यंत फक्त पाणी. भिजवलेलं उरलं ते फेकून द्यायचं, या हवेत ते लगेच आंबतं. हे फसतं ते दुसऱ्या रात्री. अकरा वाजता कुणाला तरी दया येते आणि एक पोळी जाते. मग किती वेळ थांबलं की पोळी मिळते, एवढंच कुत्रं शिकतं. म्हणून आधी सासूबाईंशी बोला. सकाळचं भांडं त्यांनाच वाढू द्या. त्यांना त्याला खाऊ घालायचं सुख हवंय, पोळीच हवी असं नाही.

गोणी तपासा

वरचं सगळं पटलं, पण मला त्या पिंपाची जास्त शंका येते. दाण्यांवर कारखान्यात चरबीचा थर फवारतात. वास आणि चव त्याचीच. गोणी उघडली की हवा आणि ऊन लागून ती चरबी खवट होत जाते. ४०० ग्रॅम रोज खाल्ले असते तर १५ किलो ३७ दिवसांत संपले असते. तुमची गोणी सत्तर दिवस ओलांडून गेली, त्यात मेचं ऊन आणि आता पावसाळी दमट हवा. आपल्याला वास येत नाही, त्याला येतो.

खात्री करायला त्याच ब्रँडचं १ किलोचं ताजं पाकीट आणा. सकाळी भुकेच्या वेळी दोन भांडी शेजारी ठेवा, एकात ताजे दाणे, एकात पिंपातले, दोन्हींत ५०-५० ग्रॅम, कोरडेच. ताजे खाल्ले तर दोष गोणीचा. पिंपातल्या दाण्यांत गोळे किंवा बुरशी दिसली तर ही चाचणी करूच नका, सरळ फेका. बुरशीचं विष यकृतावर जातं.

पुढे १० किलोच्या वर घेऊ नका, पंचवीस दिवसांत संपेल एवढंच. दुकानात मोठी गोणी फोडून सुटे विकतात ते दाणे तर नकोच, कधी फोडली ते कळत नाही.

महू रोड

एक गोष्ट आधी नक्की करा. हुंगून निघून जाणं वेगळं आणि तोंडात घेऊन टाकणं वेगळं. दाणे तोंडातून पडत असतील, एकाच बाजूने चावत असेल, लाळ किंवा घाण वास येत असेल तर ओठ वर करून मागच्या मोठ्या दाढा बघा. कडक हाडं चघळणाऱ्या कुत्र्यांची वरची मोठी दाढ तडकते. असं कुत्रं मऊ चिकन खातं, दाणे नाही, आणि घरच्यांना वाटतं लाडावलंय.

उपाशी किती वेळ? निरोगी प्रौढ कुत्र्याने एक दिवस दाणे नाकारले तर काही होत नाही. पण चिकनसुद्धा २४ तास नाकारलं, तर तो हट्ट समजू नका, डॉक्टरकडे न्या. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला १२ तासांच्या पुढे थांबू नका, अगदी लहान जातीच्या पिल्लांना त्याहूनही कमी, त्यांची साखर उतरते. इन्सुलिन चालू असलेल्याला हा प्रयोग करायचाच नाही.

पावसाळ्यात गोचिडताप डोक्यात ठेवा. कान, बोटांच्या फटी, शेपटीखाली गोचीड शोधा. गुदद्वारातून ताप मोजा, १०१ ते १०२.५ फॅरनहाइट सामान्य. त्याच्या वर असेल, हिरड्या फिकट असतील किंवा नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी रक्त तपासा, प्लेटलेट धरून. महूच्या व्हेटरनरी कॉलेजातही दाखवता येईल. आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणाकडे नसबंदी न झालेली मादी असेल तर, माजानंतर महिना-दोन महिन्यांत खाणं सुटलं आणि पाणी फार पिऊ लागली की एक दिवसही थांबू नका. गर्भाशयात पू झालेला असू शकतो.

घरचं जेवण

कोरडे दाणेच दिले पाहिजेत असं नाही, एवढं मला सांगायचंय. पण दूध-पोळी हे कुत्र्याचं जेवण नव्हे. त्यात प्रथिनं कमी आणि झिंक अपुरं. मांस-भात देऊनही कॅल्शियम कमी पडतंच. १००० किलोकॅलरीमागे सुमारे १ ग्रॅम लागतं, म्हणजे अंड्याच्या टरफलाची मैद्यासारखी बारीक पूड अर्धा चहाचा चमचा. बाकीची खनिजं आणि जीवनसत्त्वं मात्र अंदाजाने घालू नयेत, डॉक्टरकडून ठरवून घ्यावीत. मोठ्या जातीच्या वाढत्या पिल्लाला कॅल्शियम जास्त झालं तरी हाडं बिघडतात. हे रोज जमणार नसेल तर दाणे बरे.

सुदामानगर, इंदूर

दोन भांड्यांची चाचणी केली. ताजे सगळे संपवले, पिंपातले हुंगून सोडले. दाढा ठीक दिसतात, ताप १०१.४. शेव बंद केली आहे. पिंप धुऊन वापरू का? आणि उरलेले चार-पाच किलो गल्लीतल्या कुत्र्यांना घातले तर?

गोणी तपासा

घालू नका, ताई. खवट चरबी आणि बुरशी त्यांनाही तितकीच वाईट, आणि त्यांना डॉक्टरकडे नेणारं कुणी नसतं. ओल्या कचऱ्यात टाका. पिंपाच्या आतल्या भिंतीला तेलाचा थर असतो. तो गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाने दोनदा काढा आणि ऊन मिळेल त्या दिवशी दिवसभर उपडं वाळवा. तरी दाणे त्यात ओतू नका. मूळ पिशवीतच राहू द्या, हवा काढून तोंड दुमडून क्लिप लावा, आणि पिशवीसकट पिंपात ठेवा. पिंप जिन्यातून घरात, गॅसपासून लांब.