झेनॉनच्या अणूंचे ते चित्र छायाचित्र मानावे का?

प्रश्न :
आयबीएमच्या संशोधकांनी निकेलच्या पृष्ठभागावर झेनॉनचे ३५ अणू मांडून कंपनीची आद्याक्षरे लिहिली, ते चित्र मी अकरावीच्या वर्गात दाखवतो. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर असते आणि अणू एका नॅनोमीटरहूनही लहान असतो. मग हे चित्र टिपले कसे, आणि त्यातले रंग खरे आहेत का?

प्रतिसाद १ :
हे छायाचित्र नव्हे, कारण त्यात प्रकाशाचा वापरच नाही. गेर्ड बिनिंग आणि हाइनरिख रोहरर यांनी १९८१ मध्ये झुरिकजवळ घडवलेल्या ‘स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप’ या यंत्रात धातूची अतिशय टोकदार सुई पृष्ठभागापासून एका नॅनोमीटरहून कमी अंतरावर धरतात आणि दोहोंमध्ये थोडा विद्युतदाब देतात. मधल्या पोकळीतून इलेक्ट्रॉन पलीकडे जातात, ही पुंजयांत्रिकीची, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या नियमांची किमया. अंतर केवळ ०.१ नॅनोमीटरने वाढले तरी हा प्रवाह सुमारे दहापट घटतो, आणि सगळी अचूकता या संवेदनशीलतेतूनच येते. प्रवाह स्थिर राहावा म्हणून सुई किती वर-खाली करावी लागली, याची ओळीमागून ओळ नोंद होते आणि संगणक तिचा नकाशा काढतो. रंग त्याने मागाहून भरलेले असतात.

प्रतिसाद २ :
वरील उत्तर योग्य आहे, पण प्रत्येक उंचवटा म्हणजे अणू असे विद्यार्थ्यांना कृपया सांगू नका. सुई प्रत्यक्षात इलेक्ट्रॉनांची उपलब्धता मोजते. त्यामुळे धातूवर बसलेला ऑक्सिजनचा अणू पृष्ठभागाच्या वर असूनही अनेकदा खळग्यासारखा दिसतो. झेनॉनचा प्रयोग डॉन आयग्लर आणि एर्हार्ड श्वाइट्सर यांनी सुमारे ४ केल्विन (उणे २६९ अंश सेल्सिअस) तापमानात केला होता, हेही अवश्य सांगा, कारण सामान्य तापमानाला ते अणू जागेवर टिकलेच नसते.

प्रतिसाद ३ :
अणू दाखवणारे हे पहिले यंत्र नव्हे, याचा उल्लेख व्हायलाच हवा. १९५५ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात एर्विन म्युलर आणि त्यांचे भारतीय विद्यार्थी कंवर बहादूर यांनी टंगस्टनच्या थंड केलेल्या सुईच्या टोकावरील अणू पाहिले. तीव्र विद्युतक्षेत्रामुळे टोकावरच्या अणूंजवळ हेलियमचे आयन (विद्युतभारित अणू) तयार होत, ते सरळ पडद्यावर आदळत आणि तिथे एकेका अणूचा ठिपका उजळत असे. तेथे संगणकही नव्हता आणि भरलेले रंगही नव्हते, म्हणून ‘पाहणे’ हा शब्द मला या प्रयोगासाठी अधिक न्याय्य वाटतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत बहादूर यांचे नाव असायला हवे, असे माझे प्रामाणिक मत आहे.