मदत हवी आहे: आईच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांना +९१ एकदम कसं लावायचं?

नमस्कार मंडळी, वडोदऱ्याहून लिहितेय. आई पुढच्या महिन्यात दोन महिन्यांसाठी दादाकडे जर्मनीला चाललीये. इथलंच सिम रोमिंगवर चालू ठेवणार. तिच्या अँड्रॉइड फोनमध्ये ३०० च्या वर नंबर आहेत, पण काही नुसते दहा आकडी, काहींच्या आधी शून्य, तर लँडलाइनचे ०२६५ लावून. तिकडे यातला एकही असाच्या असा लागणार नाही.

मोबाइलला +९१ आणि लँडलाइनला शून्य काढून +९१ २६५, एवढं मला माहीत आहे. दादाचा ०१५१ ने सुरू होणारा नंबर +४९ १५१ असा केला, इथून लागला. हाताने चाळीसेक नंबर बदलले, मग दमले. म्हणून गूगल कॉन्टॅक्ट्समधून सगळी यादी उतरवून एक्सेलमध्ये उघडली, तर सुरुवातीची शून्यं उडाली आणि + सुद्धा गायब! ती फाइल परत चढवली नाही, मूळ यादी शाबूत आहे.

आईला डायल करताना कोड लावायला सांगणं जमणार नाही. ती नाव बघून हिरवं बटण दाबते, बस. लॅपटॉप आहे माझ्याकडे. अनोळखी ॲपला मात्र सगळे नंबर द्यायचे नाहीत.

तर एक्सेलमध्ये शून्य आणि + टिकवून, फक्त कोड नसलेल्या नंबरांनाच +९१ कसं लावायचं? आणि फाइल परत चढवल्यावर प्रत्येक नाव दोनदा दिसू नये म्हणून आधी काय करावं?