मदत हवी आहे: मॅटप्लॉटलिब या पायथनच्या आलेख-लायब्ररीच्या आकृतीवरून घेतलेले सगळे अ‍ॅरे शेवटी सारखेच होतात

एकाच आकृतीतली रेषा बदलत, प्रत्येक टप्प्याचा नमपाय अ‍ॅरे (पिक्सेलच्या आकड्यांचा तक्ता) यादीत साठवून ओपनसीव्ही या प्रतिमा-लायब्ररीने व्हिडिओ करायचा आहे. आकृती ६.४ × ४.८ इंच आणि १०० डीपीआय (इंचाला १०० पिक्सेल) असल्याने, अ‍ॅग कॅनव्हासवर (मेमरीतच चित्र रेखाटणारा मॅटप्लॉटलिबचा भाग) ड्रॉ करून ‘बफर आरजीबीए’ (त्या चित्राचे पिक्सेल देणारी पद्धत) वाचल्यावर ४८० × ६४० × ४ असा अ‍ॅरे अपेक्षेप्रमाणे मिळतो. मात्र यादीतल्या सर्व फ्रेममध्ये शेवटचीच रेषा दिसते. दर वेळी कॉपी घेतली की दोष जातो. पिक्सेल देणारी जुनी ‘टूस्ट्रिंग आरजीबी’ पद्धत मॅटप्लॉटलिबच्या ३.१० आवृत्तीत उरलेलीच नाही आणि बाइट्सआयओमधून (मेमरीतली फाइल) पीएनजी लिहून परत वाचणे फारच संथ पडते. सर्व्हरला पडदा नाही, डिस्कवरही काही लिहायचे नाही. ओपनसीव्हीला लागणाऱ्या बीजीआर (निळा-हिरवा-लाल) क्रमाचे मी पाहून घेईन. कॅनव्हास तोच बफर (पिक्सेल साठवायची मेमरी) पुढच्या ड्रॉसाठी पुन्हा वापरतो, हे अनुमान बरोबर आहे का, आणि तसे असल्यास कॉपी टाळून थेट माझ्या अ‍ॅरेतच आकृती रेखाटून घेता येते का?