मदत हवी आहे : अण्णांना त्यांचा आजार कोणी सांगायचा?

नमस्कार. आम्ही पंचवटीत राहतो. वडील चौऱ्याहत्तरीचे, डोकं एकदम शाबूत, द्राक्षबागेचा हिशेब अजून स्वतः ठेवतात. त्यांना आतड्याचा कॅन्सर निघालाय. डॉक्टरांनी भावाला बाहेर बोलावून सांगितलं. काका म्हणाले, "अण्णांना कळलं तर खचतील." ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही भावानेच केली. अण्णा चष्मा लावून पलंगावर बसले होते, त्यांच्यापर्यंत कागद आलाच नाही.

अमेरिकेतली बहीण म्हणते, तिकडे डॉक्टर थेट पेशंटशी बोलतात. पण आपल्याकडेही सुप्रीम कोर्टाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात सांगितलंय, की सज्ञान, निर्णयक्षम रुग्णाची संमती त्याच्याकडूनच घ्यायची. तिथे तर रुग्ण बाईंच्या आईने दिलेली संमतीही चालली नाही. काकांची माया मला कळते. तरी अण्णा रोज विचारतात, "ताई, मला नक्की काय झालंय गं?" मला खोटं बोलवत नाही.

नाशिकमध्ये रुग्णाशी नीट बोलणारे समुपदेशक किंवा पॅलिएटिव्ह केअरचे (गंभीर आजारात वेदना आणि त्रास कमी करणारे) डॉक्टर कुणाला माहीत आहेत का? आणि डॉक्टरांना न दुखावता "आधी अण्णांशी बोला" हे कसं सांगावं? ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात आहे.