तंबूच्या शिवणींतून पाणी झिरपतंय, नुसता स्प्रे पुरेल का?

प्रश्न: दोघांचा पॉलिस्टर तंबू आहे. वरच्या कापडाच्या शिवणींतून थेंब गळतात, आतला लेपही काही ठिकाणी पापुद्र्यासारखा सुटलाय. निघायला आठवडा आहे. सगळीकडे वॉटरप्रूफ स्प्रे मारला तर चालेल का?

उत्तर १: नाही. स्प्रेमुळे बाहेरच्या बाजूने पाणी ओघळून जातं, एवढंच. सुईची भोकं त्याने बुजत नाहीत. आधी लेप कोणता ते बघा: पॉलियुरेथेनवर पॉलियुरेथेनचाच सीलर (शिवणीची भोकं बुजवणारं द्रव्य), सिलिकॉनवर सिलिकॉनचा. उलटं केलंत तर वाळल्यावर सालासारखा निघून येतो. शिवणींवरची सुटलेली टेप काढा, शिवण आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, तंबू ताणून उभा करा आणि मग ब्रशने पातळ थर द्या. सैल कापडावर लावलंत तर ताण आल्यावर भोकं पुन्हा उघडतात. २४ तास वाळू द्या. घडी घालण्याआधी शिवणींवर टाल्कम पावडर भुरभुरा, नाहीतर एकमेकींना चिकटतील.

उत्तर २: पापुद्र्यांवर नवा लेप टिकत नाही. सुटलेला भाग अल्कोहोल आणि खरखरीत स्पंजने आधी घासून काढा. ओला तंबू गुंडाळून ठेवला की ओलाव्याने पॉलियुरेथेनचं विघटन होतं, त्याचाच हा परिणाम. अख्खं कापड चिकट आणि कुबट झालं असेल तर मेहनत घेऊ नका, वरचं कापडच बदला.

उत्तर ३: पहाटेचे थेंब श्वासाच्या वाफेचेही असतात! सीलर वाळल्यावर पाइपने १५ मिनिटं पाणी मारून बघा. तेव्हा आत कोरडं राहिलं, तर रात्री हवेच्या खिडक्या उघड्या ठेवा.