'उपरा', 'पाव्हणं' आणि झेनोफोबिया

परळीहून: मुलीला शाळेत 'झेनोफोबिया' यावर बोलायचंय. 'परकीयद्वेष' फार पुस्तकी वाटतं. 'उपऱ्यांचा द्वेष' चालेल का?

नांदेडहून: ताई, चालेल, पण 'उपरा'मागचा 'उपरी' बघा. गावात जमीन कसायचा, सारा भरायचा, पण मिरास, म्हणजे जमिनीवरचा वंशपरंपरेचा हक्क नाही, तो उपरी. त्याच्या उलट मिरासदार. म्हणजे कुठून आलास यापेक्षा इथल्या मातीवर तुझा हक्क आहे का, हा खरा सवाल होता.

बीडहून: गुरुजी, हा शब्द आम्हालाच लागतो की! ऊसतोडीला साखर कारखान्यावर गेलो की आम्ही उपरे. तिथं तर माणूस म्हणूनही मोजत नाहीत. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादम विचारतो, "किती कोयते आणलेस?" अन् गावी आल्यावर फरशी बसवायला आलेल्या बिहारी पोराला आम्हीच "ए भैया" म्हणून हाळी देतो. नाव विचारलं का कधी? मी तर नाही विचारलं.

नांदेडहून: बरं बोललात. गुरू गोविंदसिंगांचा जन्म १६६६ चा, बिहारातल्या पाटण्याचा. १७०८ साली नांदेडला त्यांनी देह ठेवला. इथल्या लंगरच्या पंगतीत बसताना कुणी आडनाव विचारत नाही. आपण मात्र रस्त्यात "पाव्हणं" म्हणून अनोळखी माणसाला हाक मारतो आणि लगेच विचारतो, "कुणाचे? आडनाव काय?"

शब्दापुरतं सांगायचं तर ग्रीक 'झेनोस' म्हणजे परकाही अन् पाहुणाही. आपल्या 'पाव्हणं'सारखंच. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) पाणचक्कीजवळ बुखाऱ्याकडून आलेल्या बाबा शाह मुसाफिरांचा दर्गा आहे. 'मुसाफिर' म्हणजे अरबीत प्रवासी. तुर्कीत तोच शब्द 'मिसाफिर' होऊन पाहुणा झाला. कुराणात जकातीचे आठ हक्कदार सांगितलेत, त्यात वाटसरू आहे. बायबलच्या लेवीय पुस्तकात परक्यावर स्वतःसारखी माया करायला सांगितलंय, कारण तुम्हीही मिसरात परकेच होतात. उपनिषदातलं 'अतिथिदेवो भव' तर लग्नाच्या पत्रिकेवरही छापतात. फरशीवाला पोरगा मात्र त्या अतिथीत बसत नाही.

परळीहून: मग वहीत काय लिहू?

नांदेडहून: 'परकीय' नको, त्यात दुसरा देश येतो. आपला ऊसतोड्या अन् तो बिहारी पोरगा दोघंही इथलेच. 'फोबिया'त द्वेषाच्या आधी भीती आहे. 'परक्याची धास्ती' लिहा.

बीडहून: धास्ती बरोबर. कारखान्याच्या गावात रात्री काही चोरीला गेलं की पहिल्यांदा आमच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, बॅटरी मारतात.