अनुभव: पोरांना घरबसल्या दूरदेश दाखवताना (आमचं आइसलँड)

मनीप्लांट
कपाट आवरताना लेकीची एक दुरेघी वही सापडली, तिसरीच्या सुट्टीतली. २०२१, बाहेर जायची सोय नाही, आणि १९ मार्चला तिकडे आइसलँडमध्ये राजधानी रेक्याविकपासून जवळच ज्वालामुखी फुटलेला. तिथल्या सरकारी वाहिनीने यूट्यूबवर कॅमेरा लावून ठेवला होता, चोवीस तास. मी सहज लावून दिला की दहा मिनिटं गप्प बसेल, तर बाई महिनोन्‌महिने बसली. मे महिन्यात तो थांबून थांबून उडायचा, आठ-दहा मिनिटांनी लाव्हाचं कारंजं. वहीत असं आहे:
"८.४२ उडाला. ८.५१ उडाला. ९.०० आई जेवायला ये म्हणाली. ९.०१ उडाला."
तिकडचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे, वर्षभर तेवढंच, ते घड्याळ बदलत नाहीत. आपली रात्र झाली तरी तिकडे लख्ख दुपार, डोंगरावर मुंगीएवढी माणसं दिसायची. त्यात एक पिवळ्या जाकिटाचा काका होता, तो दिसला नाही की हिला काळजी. मी आधी हौसेने माहितीपट, प्रश्नमंजुषा, काय काय शोधून ठेवलं होतं, एकाला हात लावला नाही. कॅमेरा पाहिजे, तोच, रोज.
तुम्ही कुणी असं काही केलंय का पोरांबरोबर? लिहा ना. भाजणी भाजायला ठेवलीय गॅसवर, येते.

सातारी_कंदी
९.०१ उडाला 😂😂 आई उडाली का ते पण लिहायचं

कोकणकडा
आमच्याकडे गूगलचं स्ट्रीट व्ह्यू. मुलगा आणि माझे वडील, वडील एसटीतून रिटायर्ड ड्रायव्हर. आइसलँडला गोल फिरून येणारा एक नंबरचा रस्ता आहे, १३०० किमीच्या वर, दोघांनी तो माउसने "चालवायला" घेतला. रोज संध्याकाळी एक तास. बाबा मागून, "वळण आहे, स्लो घे." नातू, "आबा फोटो आहे तो." "असूदे, स्लो घे." मग एक पूल आला, एकच गाडी जाईल एवढा, बाबा अडूनच बसले की समोरून आली तर थांबायचं कुणी. शोधून बघितलं तर जो पुलाच्या जवळ आधी पोचला तो आधी. बाबांना पटलं नाही, आपल्या घाटात चढणीच्या गाडीला आधी वाट असते, ह्यांचं काय असलं. आणि दोनशे किमीत चहाची टपरी नाही म्हणून रोज चिडचिड. पूर्ण गोल काही झाला नाही, शाळा सुरू झाली.

अळूचं_फदफदं
को.क., आबांना साष्टांग दंडवत _/\_

रानजाई
घाईत लिहितेय, कुकर लागलाय. आमच्याकडे नावांवरून सुरू झालं. तिकडे बहुतेकांना आडनावच नसतं, बापाचं नाव आणि पुढे मुलगा असेल तर सोन, मुलगी असेल तर दोत्तिर. फोनची डिरेक्टरी सुद्धा पहिल्या नावावरून. मुलगा म्हणाला मग हे आपलं मधलं नावच की. तेव्हापासून घरात मी सुरेशदोत्तिर. सासूबाईंनाही दत्तात्रयदोत्तिर केलं, त्यांनी मनावर घेतलं नाही हे नशीब. शाळेत भूगोलाच्या बाईंना सांगायला गेला तर "अभ्यासक्रमात नाही, बस खाली." हिरमुसून आला बिचारा.

सातारी_कंदी
विलासदोत्तिर हजर!

अळूचं_फदफदं
मी पण विलासदोत्तिर!! बहिणी निघालो की गं

बेसाल्ट
थोडं अवांतर, पण राहवत नाही. तिकडे काळ्या वाळूच्या किनाऱ्यावर दगडाचे सहाकोनी खांब आहेत, पोरं स्क्रीनवर बघून वेडी होतात. ते लाव्हा थंड होताना आकसून तडकल्यामुळे झालेले. आपल्याकडे अंधेरीत गिल्बर्ट हिल आहे, तोही असाच खांबांचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. महाराष्ट्रातला बहुतेक सह्याद्रीच थंड झालेला लाव्हा आहे हो. भाचीला आधी लॅपटॉपवर आइसलँड दाखवलं आणि रविवारी रिक्षाने गिल्बर्ट हिल. वर देऊळ आहे. खाली उतरल्यावर म्हणाली, "मामा, हा कधी उडणार?" रिक्षावाला पण वळून बघायला लागला.

दूरदेशी_पुणेकर
आम्ही कोपनहेगनला असतो, तिथून रेक्याविकला जाऊन आलो. एक गोष्ट स्क्रीनवर कळत नाही. नळाचं गरम पाणी सोडलं की कुजक्या अंड्याचा वास, गंधकाचा. मुलगा ओरडला, "बाबा वज्रेश्वरी!" दोन वर्षांपूर्वी कुंडावर नेलं होतं त्याला.

रानजाई
आणि तिकडे डास नाहीत ना?

दूरदेशी_पुणेकर
नव्हते. ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्यांदा तीन सापडले. बातमी झाली त्याची.

सातारी_कंदी
तीन?? तीन माझ्या कानापाशी आत्ता आहेत, पाठवू का पार्सल

गोगलगाय
आमचा अनुभव जरा वेगळा. तिकडे वेस्टमन बेटांवर पफिन पक्ष्यांची पिल्लं ऑगस्ट-सप्टेंबरला रात्री समुद्राकडे जाण्याऐवजी गावातल्या दिव्यांना फसून रस्त्यावर उतरतात, तर तिथली पोरं रात्रभर टॉर्च घेऊन हिंडतात, खोक्यात गोळा करतात आणि सकाळी कड्यावरून हवेत भिरकावून देतात. तो व्हिडिओ कौतुकाने दाखवला मुलीला, ती पाच वर्षांची, भिरकावलेलं बघून भोकाड. रात्री झोपेना. पिल्लू पडलं, पिल्लू पडलं. मग वेळासच्या कासवांचा व्हिडिओ लावला, ती आपली सरपटत जातात पाण्यात, तेव्हा शांत झाली. नंतर कितीतरी दिवस चपलेच्या खोक्यात टेडी ठेवून गॅलरीत नेऊन बसायची, पण फेकला नाही कधी. आणि हो, ऑटोप्ले बंद करून ठेवा बायांनो, पिल्लांनंतर आपोआप काय लागलं ते विचारू नका.

कोकणकडा
गोगलगाय, अर्रर्र. लेकीला एक पापा.

अळूचं_फदफदं
मनीप्लांट कुठायत? भाजणी जळली वाटतं.

मनीप्लांट
आले आले. थोडी करपली, डाळच फक्त. वाचून मज्जा आली, आबा तर भारीच. लेक आता आठवीत, वही दाखवली तर "ई, कसलं अक्षर" म्हणून परत दिली. पण तो पूर्वीचा २०१० चा ज्वालामुखी, विमानं बंद पाडणारा, त्याचं नाव अजून एका दमात म्हणते, एयाफ्यात्लायोकुत्ल. मला नाही जमत. सप्टेंबरमध्ये आमचा उडायचा थांबला, शेवटच्या पानांवर नुसतं "ढग", "ढग", "आज पण काही नाही". त्याच्याखाली पेन्सिलीने, "पिवळा काका पण नाही."

रानजाई
😢
भाजणीचं प्रमाण काय घेता?

मनीप्लांट
तांदूळ ४ वाट्या, हरभरा डाळ २, उडीद डाळ १. धणे-जिरे अंदाजाने. डाळ मंद आचेवर हं, माझ्यासारखं करू नका.